जो कोण असेल त्याला

सुगंधाने पाकीट दातांनीच फाडलं. कात्री हाताशीच होती, शिलाई मशीनवर, पण तेवढा दम कोणाला. आतून वीसबावीस इंग्रजी कागद निघाले, प्रत्येकावर गोल शिक्का. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण त्याची तिने आधीच सोय करून ठेवली होती. लवूचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते शेजारणीकडून एका चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. ती चिठ्ठी डाव्या हातात धरून ती उजव्या हाताचं बोट एकेका ओळीवरून फिरवू लागली.

“आई, सोड ना आता,” सिद्धेश म्हणाला. घाटकोपरच्या मॉलमध्ये दहाची ड्युटी होती त्याची. सिक्युरिटीचा निळा शर्ट चढवून तो बूट घासत बसला होता. परत आल्यापासून दुसरं काही करो न करो, बूट मात्र रोज घासायचा.

“का सोडू? नाव यातच असणार. मिळू दे, मग बघतेच त्याच्याकडे.”

“लवूने नाही केलंय ते.”

“तुला काय माहीत? तुझ्या कानात येऊन सांगून गेला?”

सिद्धेशने ब्रश डबीत ठेवला आणि जेवणाचा डबा घेऊन निघून गेला. हे पोर असंच. सैन्यातून घरी पाठवल्याला आठ महिने होत आले, पण नेमकं काय झालं ते तोंडाने सांगेल तर शपथ. मेडिकलमध्ये काढलं, एवढंच. शेवटी त्याच्या बॅगेतलं पत्र सुगंधाने परस्पर दुसऱ्याकडून वाचून घेतलं, तेव्हा कळलं. मानसिक आजारावर उपचार झाले होते, ते भरतीच्या फॉर्मवर दडवलं, म्हणून नाव कमी केलं. दडवलं म्हणे. दडवायला त्या पोराला ठाऊक तरी होतं का काही?

तो पंधरा वर्षांचा असताना त्याचे बाबा गेले. त्यानंतर महिनाभर पोर कपाटाच्या आडोशाला भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. जेवण नाही, शाळा नाही, बोलणं नाही. सुगंधाने त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. सात महिने गोळ्या चालल्या. तुला अशक्तपणा आलाय, ताकदीच्या गोळ्या आहेत, असं सांगून ती त्या द्यायची. पाकीट आधीच फाडून फेकायची, नाव वाचायला नको म्हणून. आणि तेव्हाच मागच्या गल्लीतल्या बिल्डिंगमधली तिची जाऊ, द्रौपदी, जिन्यात उभं राहून चार बायकांना म्हणाली होती, सुगंधाचं पोर वेडं झालंय. ते वाक्य सुगंधाने सात वर्षं जपून ठेवलं होतं.

लवू हा द्रौपदीचा मुलगा. दोघं चुलतभाऊ एकाच दिवशी भरतीला गेले. सिद्धेश निवडला गेला, लवू धावण्यात मागे पडला. मग सैन्याला कळवणार कोण? आणखी कुठला पुरावा हवा?

सुगंधा गप्प बसणाऱ्यातली नव्हतीच. लवूचं लग्न माहुलच्या श्वेताशी ठरलं होतं. सुगंधा एका रविवारी साडी नेसून माहुलला गेली आणि श्वेताच्या आईसमोर चहा पीत सांगून आली, घर चुगलखोर आहे, मुलगी द्यायची तर विचार करून द्या. आठ दिवसांत लग्न मोडलं. तेवढ्याने तिचा जीव शांत झाला नाही. शिमग्याला ती गावी गेली आणि देवळात दादू गुरवाला गाऱ्हाणं घालायला लावलं. तिला लवूचं नाव घालायचं होतं. म्हाताऱ्याने ऐकलं नाही.

“बघल्याशिवाय नाव घेव नको गो. जो कोण असात तो, असां म्हणूया. नाव गावलां की माका कळव.”

मग तसंच झालं. ज्याच्या तोंडातून ही गोष्ट बाहेर पडली, जो कोण असेल त्याला, मरताना पोटच्या पोराच्या हातचं पाणी मिळू नये. देवळातल्या सगळ्यांनी एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हटलं. सिद्धेशला हे कळलं तेव्हा तो पहिल्यांदा तिच्यावर ओरडला होता. ते मागे घे, आई. त्यानंतर आठवड्याला एकदा तरी तो तेच म्हणायचा, आणि दर वेळी सुगंधाला वाटायचं, पोर मनाने फार मऊ आहे.

अपील करायलाही तो तयार नव्हता. तिने अन्नपाणी सोडायची धमकी दिली तेव्हा त्याने सही केली. नोकरी परत मिळावी ही इच्छा होतीच. पण अपील केलं की चौकशीचे सगळे कागद मागवता येतात, हे ऐकल्यापासून तिला त्या कागदांचा ध्यास लागला होता.

लवूचं नाव काही सापडलं नाही. कागद पिशवीत घालून तिने चेंबूर गाठलं. सुभेदार चंद्रप्रकाश निवृत्त झाल्यापासून जवानांची अपिलं लिहून द्यायचे. चष्मा लावून, ओळीखाली लाकडी पट्टी धरून त्यांनी कागद वाचायला घेतले. सुगंधाने अर्धा तास कळ काढली.

“काय नाव निघालं?” तिने विचारलं.

“कोणाचं?”

“चुगली करणाऱ्याचं.”

“चुगली कोणी केलेलीच नाही, ताई. तक्रारीचा अर्जच नाही यात.” त्यांनी पट्टी एका ओळीखाली सरकवली. “तुमच्या वाडीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. शेजारच्या गावचा पोरगा सिद्धेशच्याच बराकीत होता. त्याला तो घरून आला. त्याने कौतुकाने सगळ्यांना दाखवला, की हा बघा, आपल्या सिद्धेशचा नवस फेडतायत. ऐकून पोरं हसायला लागली. ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादने फोन हातात घेतला, ऐकला, आणि तिथून ते वर गेलं.”

लवूच्या नावाची चिठ्ठी अजून सुगंधाच्या मुठीत होती.

नवस ज्या शब्दांत बोलला त्याच शब्दांत, चारचौघांसमोर फेडायचा, ही त्यांच्या गावची रीत. नाहीतर तो फिटत नाही. सिद्धेश ट्रेनिंगला गेल्यावर ती ओटी-नारळ घेऊन देवळात गेली होती. दादू गुरव जपून, हळू आवाजात बोलत होता. तो पोराच्या दुखण्यापाशी अडखळला, तेव्हा तीच पुढे झाली होती. डोक्याचं दुखणं झालं होतं, सात महिने गोळ्या दिल्या, पोराला कळू दिलं नाही, ताकदीच्या म्हणून दिल्या, आणि देवा, तेच पोर आज सैन्यात गेलं. सगळं खणखणीत आवाजात. व्हिडिओ काढायला तिनेच लावला आणि ग्रुपवर टाकायलाही तिनेच लावलं. वेडं म्हणणाऱ्या द्रौपदीला झोंबावं म्हणून.

“सिद्धेशचा जबाब आहे इथे,” सुभेदार म्हणाले आणि मराठीत सांगत वाचू लागले. “प्रश्न, व्हिडिओतल्या बाईचा आवाज ओळखतोस का? उत्तर, नाही. प्रश्न, तुझ्या आईचा आहे का? उत्तर, नाही. माझ्या आईला यातलं काही माहीत नाही.” त्यांनी चष्मा काढला. “ताई, आवाज कोणाचा आहे?”

“माझा.”

सुभेदारांनी कोरा कागद पुढे ओढला.

“मग हेच वाक्य त्याला वाचवू शकेल. पोराला कळू दिलं नाही, असं तुम्ही स्वतः बोलताय, तेही हे प्रकरण उभं राहायच्या आधी. प्रतिज्ञापत्र करू. आवाज माझा, दडवलं मी, मुलाला ठाऊक नव्हतं. तो तेव्हा एवढं बोलला असता तर कदाचित घरी आलाच नसता.”

“परत घेतील?”

“घेतीलच असं मी म्हणणार नाही. पण केस उभी राहते. घेतलं तर मात्र मन घट्ट करा. कुठे टाकतील सांगता येत नाही. माझी आई गेली तेव्हा मी वर बर्फात होतो. पोहोचलो तिसऱ्या दिवशी.”

सुगंधाने मान वर केली. “पाणी कोणी घातलं?”

“कसलं?”

“तोंडात. त्यांच्या.”

“धाकट्या भावाने.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “का?”

“काही नाही. तुम्ही लिहा.”

प्रतिज्ञापत्र लिहून, टाइप होऊन, नोटरीकडे जाऊन यायला चार वाजले. तिने प्रत्येक पानावर सावकाश सही केली. विक्रोळीला उतरल्यावर ती द्रौपदीच्या बिल्डिंगवरून आली. आठ महिने तो रस्ता तिने टाकला होता. वर खिडकीत लवूची बनियन वाळत होती. ती थोडा वेळ खाली उभी राहिली आणि घरी आली.

सातला सिद्धेश आला. कॉटवर पसरलेले कागद त्याने बघितले, तिच्याकडे बघितलं, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

“आईचा आवाज ओळखला नाहीस?” सुगंधा म्हणाली.

त्याचे हात थांबले. “व्हिडिओत आवाज खराब होता.”

“माझा आवाज पाचव्या माळ्यावर ऐकू जातो, सिद्धू.”

“पोरं हसत होती गं. त्यात तुझं नाव कशाला घ्यायचं.” त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. “आणि नंतर तू ते गाऱ्हाणं घालून आलीस. मग तर सांगायची सोयच राहिली नाही.”

“कागद करून आले मी. आवाज माझा आहे म्हणून लिहून दिलंय.” ती थांबली. “उद्या माहुलला जाते. द्रौपदी आली तर तिला घेऊन, नाहीतर एकटी. श्वेताच्या आईला सांगते, चुगली या घरातून झाली, त्या घरातून नाही.”

“ते उद्या. आधी गावी फोन लाव. ते मागे घे.”

“सिद्धू—”

“लाव ना, आई. माझ्यासमोर लाव.”

तिने फोन लावला. स्पीकर त्यानेच चालू केला.

“सुगंधा? बोल गो,” दादू गुरव म्हणाला.

“काकानू, नाव गावलां.”

“गावलां? बरां झालां. मगे नाव घेवन परत घालूचां, की मागे घेवचां? घेवचां तर नारळ धाडून दी, मी बघतंय.”

सिद्धेश तिच्या तोंडाकडे बघत होता. सुगंधाने त्याच्या गुडघ्याशेजारचे बूट बघितले, काळेभोर, एकाला एक लावून ठेवलेले. मग कॉटवरचं प्रतिज्ञापत्र बघितलं.

“नको, काकानू. घातलां हा तसांच ऱ्हवांदे.”

“अगो, पण नाव कोणाचां तां तरी—”

तिने फोन बंद केला.

“आई, डोकं फिरलंय का तुझं?” सिद्धेशचा आवाज चिरकला. “तुला कळतंय काय करतेयस ते?”

“तू लांब गेलास तर कोणाच्या हातचं पाणी मिळणार आहे मला?” ती म्हणाली. “नाहीतरी तेच होणार ना? गाऱ्हाणं लागलं म्हणजे तू सैन्यात असशील. मग होऊ दे. तू जा.”

तो उठला. तो मोरीपाशी गेला आणि माठातून पेला भरून घेऊन आला. सुगंधाने तो त्याच्या हातून घेतला. दिवसभर घशाखाली काही गेलं नव्हतं. ती सावकाश, पेला रिकामा होईपर्यंत प्यायली आणि त्याच्यापुढे धरला.

“अजून आण,” ती म्हणाली.