दुपट्यासकट वजन

मी एक जुनी तागडी आहे. तान्ह्या मुलांना जोखणारी. भाजीवाल्याची नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. कांदेबटाटे माझ्या पाळण्यात कधी पडले नाहीत. मला वाचता येत नाही. आकडे तेवढे येतात, पण ते कधी चुकले नाहीत. मित्रांनो, तरीही मला खोटारडी ठरवलं, तो राग अजून गेलेला नाही.

लोखंडी दांडा, त्यावर सरकणारं वजन, वर पत्र्याचा खोलगट पाळणा, असं माझं रूप. कारखान्यातून दवाखान्यात आले तेव्हा आयांची रांग दारापर्यंत असे. नर्सबाई बाळ ठेवायची, आकडा वाचायची आणि कार्डावर टिंब द्यायची. कार्डावर एक तांबडी रेघ होती. टिंब रेघेखाली गेलं, तर बाई घरी जाऊन आईला चार गोष्टी समजावायची, पुन्हा बोलवायची. वर असलं की पुढचं बाळ.

बाळ उघडं करून जोखायचं हा नियम. पण थंडीच्या दिवसांत नर्सबाई म्हणायची, "राहू द्या दुपट्यासकट, कुठे रडवता!" पुढे ती सवय बारमाही झाली आणि तिथंच घात झाला.

रांगेत एक कुलूपवाल्याची बायको यायची. तिची तान्ही मुलगी किडकिडीत, आणि सासू शेजारी उभी. आकडा जरा कमी भरला की सासू सगळ्यांदेखत म्हणायची, "आमच्या घरात अशी काडी जन्मली नव्हती हो. दूध कुणाचं पितेय ते बघा!" बिचारी सून मान खाली घालायची.

एकदा त्या मुलीचं दुपटं माझ्यावर आलं आणि मला काहीतरी गार, टणक टोचलं. पितळी कुलूप! दुपट्याच्या घडीत दडवलेलं, पाव किलोचं. मुलगी वाढली तशी कुलपं दोन झाली. मी बापडी जे ठेवलं ते जोखलं. टिंब रेघेच्या केसभर वर. सासू खूश, नर्सबाई मोकळी. आणि पोर? तिच्याकडे कुणी वळून बघितलं नाही.

दोन वर्षांची झाली तेव्हा नवी नर्सबाई आली. ही कडक. "कपडे काढा," म्हणाली. गेल्या महिन्यात पावणेनऊ, आता सव्वाआठ! सुनेनं दुपटं घाईघाईनं गुंडाळून काखेत मारलं. सासू मात्र गरजली, "तागडी बिघडलीय. पोरगी का एका महिन्यात वाळते?"

चोर सोडून संन्याशाला फाशी! दुरुस्तीवाल्यानं खरी मापं ठेवून मला तपासलं आणि म्हणाला, "बाई, ही बरोबर आहे. माणसं तपासा." ऐकतो कोण? मला त्याच खोलीच्या कोपऱ्यात सारलं आणि माझ्या पाळण्यात कापसाचे गठ्ठे ठेवले.

दवाखान्यात येणाऱ्यांच्या बोलण्यातून कोपऱ्यात मला सगळं कळत होतं. पुन्हा कुणी काडी म्हणू नये म्हणून त्या पोरीला घरच्यांनी असं काही चारायला घेतलं की विचारू नका. पोट भरलं तरी साखर-लोण्याचा घास. पाचव्या वर्षी बावीस किलो! सगळे गाल ओढून म्हणायचे, "कशी गुटगुटीत!" मी ओरडणार होते, पण माझ्या तोंडात कापूस.

पुढे नव्या काट्यांच्या किती तऱ्हा आल्या आणि गेल्या. परवा लखलखता काटा बॅटरी संपून आंधळा झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला पुसून पुढे ओढलं. समोर कोण? तीच मुलगी. साठीची. जिना चढून धापा टाकणारी, पर्समध्ये साखरेच्या आजाराच्या आणि छातीच्या गोळ्या. कडेवर नऊ महिन्यांची नात, मागे काठी टेकत कुलूपवाल्याची ती बायको, आता म्हातारी.

"दुपट्यासकटच करा, गारठा आहे," नात घेतलेल्या आजीबाई म्हणाल्या.

"नाही. काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सहा किलो चारशे. रेघेखाली.

"ही तागडी माझ्या लहानपणापासून बिघडलेली आहे!" आजीबाई फणकारल्या. "आता महिनाभर बघा, लोण्यानं कशी फुगवते हिला. मीही तशीच सुधारले."

म्हातारी आई काठी टेकत पुढे आली. "बिघडलेली नव्हती गं ती. मी तुझ्या दुपट्यात कुलपं ठेवायचे. तुझ्या आजीच्या तोंडाला भिऊन."

आजीबाई गर्रकन आईकडे वळल्या.

"म्हणजे मी... उपाशी होते?"

"कमी पडत होतं तुला. मी कुणाला सांगितलं नाही."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आजी, तुमचं दुखणं एवढ्यामुळेच असं नाही म्हणत मी. कारणं पुष्कळ असतात. पण बाळपणी खंगलेलं मूल पुढे एकदम फुगलं, तर म्हातारपणी हृदयाचा आणि साखरेचा धोका वाढतो, असं आढळलंय. हिला फुगवायचं नाही. वयाला साजेसं खायला द्यायचं, आणि दर महिन्याला इथं आणायचं."

आजीबाईंनी आईकडे बघितलं.  मग नातीला छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "सहा चारशेच लिहा. ग्रॅमभरसुद्धा वाढवू नका. आणि हिच्या आईला कुणी काही बोललं तर गाठ माझ्याशी आहे."

मित्रांनो, मला तेलपाणी करा न करा, मी लोखंडाची आहे. पण लेकराला उघडं करून जोखा आणि भरेल तो आकडा बिनघोर लिहा. कमी भरलं म्हणून बाळंतिणीला टोमणा मारायचा असेल, तर आधी मला भंगारात घाला. तिच्या भीतीनं खोटा झालेला आकडा त्या लेकरालाच जन्मभर फेडावा लागतो, आणि तेव्हा टोमणा मारणारी जीभ हयातही नसते.