वाघोबाने ठेवून घेतलेली पायगाडी

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि मला किळस येते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगण्याआधी डोळे पुसतात, अशी रीत आहे. मला डोळे नाहीत. म्हणून मी सरळ किळसेपासूनच सुरुवात करते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला काळाभोर रंग दिला, हँडलला मुलामा दिला, बैठकीवर चामडे चढवले. एका कारागिराने मऊ फडक्याने मला पुसले आणि जरा मागे सरून समाधानाने पाहिले. तसे मला पुन्हा कोणी पाहिले नाही. मग बोट, मग मुंबई, मग आगगाडीने डहाणू. डहाणूहून जव्हारपर्यंतचा घाट मी बैलगाडीत, सुक्या बोंबलांच्या गोणीखाली चढले. जव्हारच्या बाजारात मला उतरवले तेव्हा माझ्या स्वागताला गावातली सगळी मांजरे हजर होती.

मला मागवणाऱ्या गृहस्थांचे नाव नानासाहेब फणसे. संस्थानातल्या एका तळ्याचा बंदोबस्त त्यांच्याकडे होता. तळे कुठे पळून जाणार नव्हते, त्यामुळे नानासाहेबांना वेळ पुष्कळ असे. विलायतेत सभ्य माणसे तळ्याकाठी चाकांवर बसून हवा खातात, असे त्यांनी कुठेसे वाचले होते. त्यांनी तळ्याभोवती मुरूम टाकून वाट करून घेतली आणि 'चक्रविहार मंडळी' स्थापन केली. मंडळीत सभासद सात होते आणि चक्रगाडी एक. म्हणजे रोज संध्याकाळी एक सभासद माझ्यावर बसे आणि बाकीचे सहा मागून चालत त्याला सूचना देत.

त्या सात सभासदांबद्दल मी सविस्तर बोलणार नाही. तुम्ही जेवून वाचत असाल. एवढेच सांगते की एकजण तपकीर ओढी आणि हात माझ्या हँडलला पुशी. दुसरा पान खाई आणि चालत्या गाडीवरून थुंके, पण वारा कुठला आहे ते कधी पाहत नसे. नानासाहेबांचे धोतर साखळीत अडके. ते सोडवताना ते मला जे बोलत, ते त्यांच्या घरात फक्त गड्यांनाच ऐकावे लागे. मोसंबीच्या बागेत टाकतात त्या खताचा वास मला त्या काळी सुगंधी वाटू लागला होता.

पण खरी किळस मला आली ती बातम्यांची.

मंडळीचे चिटणीस वामनराव टिपणीस. हे रोजच्या फेरीची बातमी एका कागदावर सुंदर अक्षरात लिहीत आणि बाजारातल्या फळ्यावर चिकटवत. त्या कागदाचे नाव 'तळेवार्ता'. 'काल सायंकाळी रा. रा. नानासाहेब यांनी तळ्यास दोन प्रदक्षिणा घातल्या. हवा आल्हाददायक होती. एक बगळा दिसला.' अशा त्या बातम्या. वाचता येणारी माणसे मोजकी आणि त्यातली निम्मी मंडळीतच. म्हणून नानासाहेबांचा पट्टेवाला लाडक्या आठवड्याच्या बाजारात ढोल वाजवून हीच बातमी ओरडून सांगे. जव्हारच्या बाजारात आणि मोखाड्याच्याही.

"सायेबांनी तळ्याला दोन फेरे मारले हो," लाडक्या ओरडे.

"कशाला?" नागली विकायला आलेला एखादा म्हातारा विचारी.

"हवा खायला."

"मंग? पोट भरलं का?"

"ते उद्याच्याला सांगन," लाडक्या म्हणे आणि ढोल पुढे नेई.

तळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक पाडा होता. होळी सरली की तिथला झरा आटे. मग पाड्यावरच्या बाया मडकी घेऊन डोंगर उतरत आणि वाघोबाजवळून तळ्यावर येत. वाघोबा म्हणजे शेंदूर लावलेला उभा दगड, त्यावर वाघ कोरलेला. ही पाण्याची पायवाट फार जुनी. आमची हवेची वाट नवी. दोन्ही वाटा वाघोबापाशीच एकमेकींना छेदत होत्या.

भरल्या मडक्यातून पाणी हिंदकळते. मुरुमावर सांडते. चिखल होतो. एका संध्याकाळी नानासाहेब माझ्यासकट त्या चिखलात आडवे झाले. दुसऱ्या दिवशी 'तळेवार्ते'त आले की 'साहेबांनी तळ्याकाठच्या मातीची जवळून पाहणी केली.' तिसऱ्या दिवशी लाडक्याने साहेबांच्या हुकुमावरून वाटेच्या डोंगराकडच्या अंगाला बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. पाण्याला यायचे असेल तर तळ्याला सगळा वळसा घालून पलीकडच्या खडकांवरून या, असा हुकूम झाला.

रखमी नावाची पाड्यावरची बाई त्या संध्याकाळी कुंपणाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. तिचा लेक लाकूडतोडीला दूर जंगलात गेलेला. घरी ती आणि तिची सून फागी. रखमीचा एक गुडघा वाकत नसे, म्हणून पाण्याला फागी येई.

"सायेब, माझ्या सुनेचं दिवस भरत आल्यात," रखमी म्हणाली. "तिकडच्या खडकावरनं मडकी घेऊन तिच्यानं नाय चालवायचं. एक मानूस जाईल येवढी वाट ऱ्हाऊ द्या."

"बाई, ही आरोग्याची वाट आहे," नानासाहेब म्हणाले.

"आमची पाण्याची हाय."

"चाकाला चिखल लागतो."

"मंग पुसायचा. आमी पोरांचं पुसतो, तुमी चाकाचं पुसा."

मागे लाडक्याला खोकला आला. नानासाहेबांनी घंटी वाजवली. त्या दिवशी माझी घंटी बराच वेळ वाजली.

आठवडा गेला नसेल. पलीकडच्या खडकांवर फागी घसरली. डोक्यावरचे मडके फुटले. तिला तिथून बरोबरच्या दोघींनी धरून, तळ्याला अर्धा वळसा घालून, पाड्यावर नेले. पोट दुखत होते. बाळ हलते की नाही ते कळेना. रखमी दिवसभर सुनेच्या पोटावर हात ठेवून बसली, आणि पाण्यावाचून घागरी कोरड्या पडल्या तरी उठली नाही. संध्याकाळी बाळाने लाथ मारली, तेव्हा उठली. हे मला लाडक्याकडून कळले. तो मला पुसता पुसता स्वतःशीच बोलत असे.

दुसऱ्या दिवशीची 'तळेवार्ता' मला अजून पाठ आहे. 'तळ्याकाठी एक मडके फुटलेले आढळले. खापऱ्यांमुळे चाकास इजा होण्याचा संभव आहे. जनतेने मडकी जपून वापरावीत.'

मित्रांनो, मी बोंबलांच्या गोणीखाली प्रवास केला आहे. तपकीर सोसली आहे, पिंक सोसली आहे. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा आपण लोखंडाचे आहोत याचे बरे वाटले. माणूस असते तर ती बातमी वाचून मलाही मान डोलवावी लागली असती.

त्याच संध्याकाळी, खापऱ्या सगळ्या वेचल्या आहेत याची खात्री करून, नानासाहेब ऐटीत निघाले. वाघोबापाशी आलो आणि माझ्या पुढच्या चाकातून सुस्कारा निघाला. नानासाहेबांनीच लावलेल्या कुंपणातला एक बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला होता. दिवस कलला होता. नानासाहेबांनी इकडेतिकडे पाहिले आणि मला वाघोबाच्या दगडाला टेकवले.

"सायेब, तितं नका टेकवू," लाडक्या म्हणाला. "त्याच्यापाशी ठेवलेलं दिवस बुडायच्या आत नाय उचललं, तर ते त्याचं होतं."

"कोणाचं?"

"वाघोबाचं."

"तुझ्या वाघोबाला सायकल येते का?"

"त्याला काय येतं नि काय नाय, ते आपून कशाला इचारा?"

"मग तू खांद्यावर घे आणि चल."

"घेतो. मंग तुमी मोरं एकलेच चाला. दिवस बुडायला आला, बिबट्या पान्याला येतो हितं. माझ्या खांद्यावं गाडी असली तर काठी कोन मारील?"

नानासाहेबांनी क्षणभर विचार केला. मग काठी लाडक्याच्या हातात राहिली आणि मी वाघोबाच्या अंगाला. मंडळीतले सहाही सभासद नानासाहेबांच्या पुढे निघाले होते. इतक्या झपझप चालताना मी त्यांना त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

फागी पडून होती, म्हणून सकाळी पहिली रखमीच आली. तिने मला पाहिले, कुंपणाकडे पाहिले, आणि पाण्याला न जाता तशीच मागे वळली. येताना भिका भगताला घेऊन आली. त्याच्यामागे सगळा पाडा. भगताने माझ्या हँडलला शेंदूर थापला. मग बैठकीला. मग दोन्ही चाकांना. वर ताडी शिंपडली. एक कोंबडा कापला, त्याचेही शिंतोडे माझ्यावर आले. ज्या कारागिराने मला मऊ फडक्याने पुसले होते तो हे पाहायला नव्हता, हे एक बरे झाले.

नानासाहेब मंडळीसह आले तेव्हा मी केशरी झाले होते.

"लाडक्या, उचल ती," ते म्हणाले.

लाडक्या जागचा हलला नाही.

"नोकरी जाईल."

"नोकरी दुसरी मिळंल, सायेब. वाघोबाची वस्तू उचलून पाय गेला, तर तो कुटं मिळायचा?"

नानासाहेबांनी टिपणिसांकडे पाहिले. टिपणिसांची कंबर त्याच क्षणी धरली. बाकीच्यांना घरची कामे आठवली. मग नानासाहेब स्वतः पुढे झाले, हात लांब केला, आणि हात हवेतच राहिला. दगडातला वाघ त्यांच्याकडे पाहत होता. तो सगळ्यांकडेच पाहतो, पण हे नानासाहेबांना कसे माहीत असणार?

"देवाला इचारू, गाडी देतो का," भिका भगत म्हणाला. त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकले. दाणे जोडीने पडले तर देवाचा होकार, एक दाणा सुटा राहिला तर नकार. भगताने सुट्या राहिलेल्या एका दाण्यावर बोट ठेवले. "वाघ्या रागावलाय. तो रातचा पान्याला जातो, त्याची वाट कोनी काट्यांनी बंद केली. म्हनून त्यानं गाडी ठेवून घेतली."

"कुंपण काढलं तर देईल परत?"

"ते तवा इचारू."

कुंपण दुपारच्या आत निघाले. लाडक्याने ते जितक्या वेळात घातले होते त्याच्या पावपट वेळेत काढले, आणि तेही कोणी न सांगता गुणगुणत. त्या संध्याकाळी बाया जुन्या वाटेने पाण्यावर आल्या.

आता प्रश्न राहिला अब्रूचा. साहेबांनी कुंपण भिऊन काढले असे बाजारात म्हणू लागले तर? टिपणिसांनी कंबर विसरून कागद घेतला. 'रा. रा. नानासाहेबांनी अत्यंत श्रद्धेने आपली प्रिय चक्रगाडी श्री वाघोबाचरणी कायमची अर्पण केली असून, देवाच्या व रयतेच्या सोयीसाठी पाण्याची वाट खुली ठेवली आहे.' लाडक्याने हे जव्हारच्या बाजारात ओरडून सांगितले. मग मोखाड्याला जाऊन सांगितले. एरवी तो बातमी एकदा सांगे, ही त्याने प्रत्येक कोपऱ्यावर सांगितली. पोशेरे गावची माणसे कोंबडे घेऊन मला पाहायला आली. वाटेत भेटेल तो नानासाहेबांना वाकून नमस्कार करू लागला. त्यांना ते आवडले, हे मी नाकारत नाही.

पंधरवड्याने ते हळूच आले. बरोबर टिपणीस आणि हातात पंप. रखमी नेमकी मडके भरून वर येत होती.

"भगताला बोलाव," नानासाहेब म्हणाले. "वाट मोकळी केली. आता देवाला विचारू दे."

"इचारायचं काय त्यात? न्या की तुमची गाडी," रखमी म्हणाली. "फकस्त मंग लाडक्याला पुन्ना बाजारात धाडा. त्यानं सांगावं, देवाला कायमची दिलेली गाडी सायेबांनी माघारी आनली."

नानासाहेबांनी टिपणिसांकडे पाहिले. टिपणीस तळ्यावरचा बगळा पाहू लागले. नानासाहेबांनी पंप धोतराच्या आड धरला, मला दुरूनच नमस्कार केला, आणि दोघे हवेच्या वाटेने पायी घरी गेले.

फागीला चैत्रात मुलगी झाली. चैत्रातली म्हणून चैती. ती आता मोठी झाली आहे आणि रोज पाण्याला येते. दम खायला थांबली की भरलेले मडके माझ्या बैठकीवर ठेवते. पाणी माझ्या अंगावरून निथळते आणि गंज थोडा पुढे सरकतो. माझे टायर उंदरांनी खाल्ले. साखळी कधीच तुटली. हँडलवर शेंदराचा थर बोटभर जाड झाला आहे. मला अजूनही सवय झालेली नाही.

मंडळीही अधूनमधून तळ्याकाठी येतात. नानासाहेब आता काठी टेकत चालतात. माझ्याजवळ आले की थांबतात आणि माझ्याकडे असे पाहतात, जसे ते त्या काळी माझ्यावर बसण्याआधी पाहत, मालकासारखे. नजर अजून मेलेली नाही. त्यांच्यानंतर कोणी नवे साहेब येतील, त्यांचीही नजर तशीच असेल.

म्हणून मित्रांनो, माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. जुन्या वस्तूंची निगा राखा, त्यांना पुसा, त्यांना तेलपाणी करा. तुमच्या घरच्या वस्तूंना जरूर करा. पण तळ्यावर आलात तर मला पुसायला येऊ नका. मी चुकून जरी लख्ख झाले, तर कोणाला तरी मी सायकल आहे हे आठवेल. मग मला कोणी घरी नेईल आणि दुसऱ्या दिवशी काटे परत येतील. त्यापेक्षा येताना चिमूटभर शेंदूर आणा आणि जिथे लोखंड दिसेल तिथे जाडसर थापा. मला किळस येईल. तुम्ही थापा.