मन्सूरचा बर्फ

"कॉम्प्रेसर गेला म्हनतो? त्याचंच डोकं गेलंय!" दिनानाथनं फ्रिजच्या कुशीला तळहात लावला. "आयका चाची, कसा गुरगुरतोय. ह्याचा कॉम्प्रेसर तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट हाय."

रशिदाचाचीला तेवढंच हवं होतं. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकचा तिनं सात पिढ्यांसकट उद्धार केला आणि आपण पेणहून दिनानाथला बोलावलं ते किती बरं झालं, हे सुनेला दोनदा ऐकवलं. सून ताजुन्निसा ओट्याशी भाकऱ्यांचं पीठ मळत होती.

वरसे गावातल्या या घरात तो दोन दारांचा भलाथोरला फ्रिज चार वर्षांपूर्वी कुवेतहून आला होता. मागोमाग ताजुन्निसाचा नवरा मन्सूर आला आणि त्यानं स्वतःच्या हातानं पाण्याची नळी जोडली. ट्रे भरायला नको, काही नको. फ्रिज आपला आपण बर्फ करायचा आणि दर दोन-अडीच तासांनी खडे आतल्या डब्यात पडायचे, खळ्ळकन. महिनाभर राहून मन्सूर कुवेतला परत गेला, तो गेलाच. दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन यायचा. बर्फ पडायची वेळ आली की चाची लांबलचक वायर ओढत रिसिव्हर फ्रिजला नेऊन लावायची. "तुजा बर्फ पडला रे, आयकलास?" तिकडे तो हसायचा. गेला महिनाभर बर्फ पडत नव्हता, आणि मायलेकांचं बोलणं 'बरा हाय ना' आणि 'बरी हाय'च्या पुढं जात नव्हतं.

"आज शुक्रवार हाय, दिनानाथ. तेचा फोन यायच्या आत चालू कर बाबा," असं म्हणून चाची नमाजाला आतल्या खोलीत गेली.

दिनानाथ जिते गावचा माणूस, दुकान पेणला. तोंडाचा फटकळ, पण कामाला चोख. इतक्या वर्षांत त्यानं चांगल्या पार्टला कधी खराब म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक चिडो नाहीतर रडो, मीटर म्हणेल ते खरं. त्यानं प्लग काढला, फ्रिज पुढं ओढला, मागच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला मीटरच्या पिना लावल्या. काटा हलला, म्हणजे कॉइल शाबूत. दाराचा स्विच शाबूत. बर्फाच्या यंत्राची टोपी उघडून मोटर, हीटर, थर्मोस्टॅट सगळ्यांना पिना लावून झाल्या. काटा दर वेळी हलला.

"च्यायला, मग दुखतंय कुठं तुला?" त्यानं फ्रिजलाच विचारलं.

आणि मग त्याला ती तार दिसली. यंत्राच्या कडेला एक वाकडी तार असते. डबा बर्फानं भरला की ती वर उचलली जाते आणि यंत्र थांबतं. डबा रिकामा झाला की ती खाली येते आणि यंत्र परत सुरू. इथं डबा तर कोरडा ठणठणीत होता, आणि तार वर. अशी वर अडकवून ठेवायची तर कुणीतरी हातानंच उचलायला हवी. सगळ्यात आधी बघायचं ते आपण सगळ्यात शेवटी बघितलं, म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं तारेला बोट लावलं.

"र्‍हाऊ दे दादा. वरच र्‍हाऊ दे."

ताजुन्निसा मागं उभी होती, हात पिठानं भरलेले.

"त्यांनी मलाच दाखवलं होतं, कशी बंद करायची," ती हळू आवाजात म्हणाली. "बर्फ पडला की आमच्या दाराच्या कडीसारखा आवाज होतो. आधी मी धावायची. एकदा अशाच पिठाच्या हातानं कडी काढली, भायेर कोंबडी." ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "आता उठत नाय. पन दिवसातनं आठ-धा वेळा काळजात धस्स होतं, दादा. किती दिवस सोसायचं? अम्माला नका सांगू. तिला वाटंल, मला त्यांचा आवाजपन नको झालाय."

दिनानाथनं तार सोडली. तेवढ्यात चाची ओढणी सावरत बाहेर आली.

"काय झालं? मिळाली खोड?"

दिनानाथनं मीटरकडं बघितलं. मग घसा खाकरला.

"मिळाली. ह्याचा मेंदू जळलाय, चाची. कंट्रोलचा पार्ट. हितं कुठं मिळायचा नाय."

आयुष्यातलं पहिलं खोटं निदान बिनबोभाट पार पडलं. चाची मटकन खाली बसली. पण क्षणभरच.

"कुवेतला मिळंल ना? मग मन्सूर धाडील की! तू चिठ्ठी लिहून दे. ताजू फोनवर वाचंल."

दिनानाथनं पेन काढलं आणि तो थबकला. तो स्वतः सहा वर्षं मस्कतला होता. तिथून तो मिक्सर पाठवायचा, ब्लँकेटं पाठवायचा, बॅटऱ्या पाठवायचा. जित्याच्या घरात सामान येत राहिलं, तो आला नाही. सहा वर्षांनी दारात उभा राहिला तेव्हा बायको, शांती, म्हणाली, "आलात? बसा." पाहुण्याला म्हणतात तसं. त्यानंतरही ती अकरा वर्षं त्याच्याबरोबर नांदली, भांडली नाही, रुसलीसुद्धा नाही, पण ते 'बसा' काही गेलं नाही. ती जाऊन आता चार वर्षं झाली होती, आणि दिनानाथला अजून वाटायचं, तिनं एकदा तरी रागानं 'इतके दिवस कुठं होतात' म्हणून विचारायला हवं होतं.

त्यानं बिलाच्या पाठीवर सावकाश लिहिलं आणि कागद ताजुन्निसाकडं दिला.

"वाच गो," चाची म्हणाली.

"कंट्रोल पार्ट, एक नग," ती वाचू लागली. "वस्तू नाजूक आहे." मग ती थांबली.

"म्होरं?"

"पार्सलनं पाठवू नये. कुणाच्या हाती देऊ नये." तिनं कागद उजेडाकडं धरला. "स्वतः घेऊन येणे."

"अगो, मग यावंच लागंल तेला!" चाचीचा चेहरा खुलला. "कवापास्नं सांगते, ये, ये. आता फ्रिजसाठी तरी येईल."

दिनानाथनं मीटरच्या वायरी गुंडाळल्या आणि मीटर पेटीत तळाशी घातला. पेटी बंद करताना त्यानं एकदा वर बघितलं. ताजुन्निसानं हात धुतले होते. बर्फाचा रिकामा डबा बाहेर काढून तिनं तो विसळला, पदरानं आतून-बाहेरून कोरडा केला आणि त्या तारेखाली पुन्हा नीट बसवून ठेवला.