उणिवांचा रकाना

घड्याळजींची गोष्ट माझी आहे. मी लिहिलेली नाही, लिहिणारा केव्हाच गेला. पण आमच्या कॉलेजात एकोणीस वर्षं ती मीच शिकवत आलेय, आणि इतकी वर्षं एखादी वस्तू वापरली की ती आपलीच होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोष्ट तशी साधी. एका रस्त्यावर समोरासमोर दोन घड्याळजींची दुकानं. सगळं गाव दुसऱ्याच्या खिडकीतलं घड्याळ बघून आपली घड्याळं लावतं, पहिल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. शेवटी पहिला मागच्या दारानं दुसऱ्याच्या दुकानात शिरतो, काटे दहा मिनिटं पुढे करतो आणि सकाळी पडद्याआडून मजा बघत उभा राहतो. दुसरा येतो, दुकान उघडतो, रस्त्यावर येऊन समोरच्या खिडकीत डोकावतो, म्हणजे पहिल्याच्याच खिडकीत, आणि परत आत जाऊन आपलं घड्याळ त्याप्रमाणे लावतो. रोज तो असंच करत आलेला असतो. गोष्ट संपली.

ही गोष्ट शिकवायची माझी एक रीत आहे. तीन पेन्सिली. आशय जिथे दिसेल तिथे लाल रेघ, उपरोधाला निळी, उपमा-रूपक वगैरे अलंकारांना हिरवी. रेघ पट्टीनंच मारायची. माझ्या प्रतीत आता छापील अक्षरांपेक्षा रेघाच जास्त आहेत आणि पुट्ठा एका दोऱ्यावर लोंबतोय. मुलं मला मागून पेन्सिलबाई म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतं.

मग खारूताई आली. दहा वर्षांपूर्वी ती माझी विद्यार्थिनी होती. पहिल्या बाकावर बसून पेन्सिलीचं मागचं टोक कुरतडत असायची, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. आता ती आमच्याच विभागात वर्षभराच्या तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवायला आली. मी दुसऱ्या वर्षाच्या अ तुकडीला गोष्ट शिकवायची, तिनं ब तुकडीला, दोघींनी अकरा वाजता, शेजारशेजारच्या वर्गांत.

सहामाही झाली आणि तुकडी बदलून मिळावी म्हणून माझ्या वर्गातले अकरा अर्ज आले. सगळ्यांवर कारण एकच, अकराची वेळ सोयीची नाही. ब तुकडीचे अकरा काय दुसऱ्या घड्याळावर वाजतात?

मला हेवा वाटला. उगाच दुसरं नाव कशाला देऊ. भिंतीपलीकडून त्या वर्गाचं हसणं ऐकू आलं की माझ्या पोटात दुखायचं. घरी तिच्याबद्दल इतकं बोलायचे, की नवरा ताटावर बसता बसताच विचारायचा, "हं, आज खारूताईनं काय केलं?"

एकदा ती माझ्या टेबलाशी आली. "बाई, तुमची घड्याळजीची प्रत दोन दिवस द्याल का? शिकवताना अडतंय मला."

"बाइंडिंगला दिलीय," मी म्हणाले. प्रत पिशवीत होती आणि पिशवी मांडीवर. तिनं पिशवीकडे बघितलं आणि "बरं बाई" म्हणून गेली. महिन्याभरानं तिनं परत विचारलं, तेव्हा बाइंडर आजारी होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं केलं.

वर्ष संपत आलं तसं विभागप्रमुखांनी मला बोलावलं. सर मोजकं बोलतात. पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्या एक होणार, म्हणजे गोष्ट कुणीतरी एकीनंच शिकवायची. शिवाय खारूताईला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरवायचं होतं. "तिच्या एका तासाला बसा आणि निरीक्षणाचा अहवाल द्या. नियमाप्रमाणे तिनं वाचून सही केली की माझ्याकडे पाठवा. दोन्ही गोष्टी मी तो वाचूनच ठरवीन." असं म्हणून त्यांनी एक छापील फॉर्म पुढे केला. दोन रकाने होते. जमेच्या बाजू आणि उणिवा.

माझ्या तुकडीला त्या दिवशी सुट्टी देऊन मी तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मुलांनी सवयीनं तीन-तीन पेन्सिली काढून ठेवल्या होत्या, म्हणजे रीत तिनं माझीच उचलली होती. पण ती म्हणाली, "पेन्सिली खाली ठेवा. आधी गोष्ट नुसती ऐका." मग तिनं गोष्ट वाचली. वाईट वाचली असती तर बरं झालं असतं.

"आता सांगा, पहिल्या घड्याळजीला नक्की काय हवं होतं?" तिनं विचारलं आणि गप्प उभी राहिली. तेवढ्या वेळात मी आशय, उपरोध आणि निम्मे अलंकार लिहून दिले असते. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी उठली. त्या अकरांतलीच, माझ्या तासाला ही बया पेंगायची.

"मॅडम, त्याचं घड्याळ बरोबरच होतं," ती म्हणाली. "कुणीतरी येऊन त्याला वेळ विचारायला हवी होती. एवढंच."

माझ्या प्रतीत त्या पानाच्या कडेला एकोणीस वर्षं लाल पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, की हेव्यानं माणूस स्वतःचंच नुकसान करतो. त्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की गोष्टीत कुणाचंही काहीही नुकसान होत नाही. हे मला तिच्या वर्गात कळावं, ह्यानं अंगाचा नुसता तिळपापड झाला. "आता उचला पेन्सिली," ती म्हणाली आणि सगळ्या माना खाली गेल्या. घंटा झाली तरी एकही जण जागचा हलला नाही.

अहवाल मी त्याच दुपारी लिहिला. जमेच्या बाजूला, वक्तशीर आहे, अक्षर स्वच्छ आहे. उणिवांना मात्र जागा पुरेना. फळ्याचा वापर कमी. चर्चेच्या नावाखाली वर्गाचा बाजार होतो. ज्येष्ठांचं मार्गदर्शन घेत नाही. विद्यार्थी तास संपल्यावरही उठत नाहीत. पाकीट तिच्या खणात ठेवलं. त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी पाकीट माझ्या खणात परत आलं होतं. खाली तिची सही होती. खुलासा नाही, तक्रार नाही, एक शब्द जास्तीचा नाही. फक्त रेघा होत्या.

'वर्गाचा बाजार होतो' ह्याखाली हिरवी. 'ज्येष्ठांचं मार्गदर्शन घेत नाही' ह्याखाली निळी, पट्टीनं मारलेली, सरळसोट. आणि शेवटच्या वाक्याखाली लाल.

मी ताडकन उठले. सरकारी कागद रंगवते म्हणजे काय, आत्ताच्या आत्ता सरांना दाखवते, म्हणून दारापर्यंत गेलेसुद्धा. पण सांगणार काय होते? रंग चुकले म्हणून? रंग तर एकही चुकलेला नव्हता. उत्तरपत्रिकेत असतं तर मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

मग मी तिच्याच टेबलाशी गेले. ती वह्या तपासत होती, पेन्सिलीचं टोक दातांत.

"हे काय आहे?"

"सही केलीय, बाई."

"आणि ह्या रेघा?"

"सवय आहे, बाई. तुम्हीच लावलेली. मला रेघा मारल्याशिवाय वाचताच येत नाही." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "चुकलं असेल तर सांगा."

हा टोमणा असता तर मी तिला तिथल्या तिथे उभी चिरली असती. पण तिचे डोळे सुजलेले होते आणि हात टेबलाखाली गेले होते. नोकरी जाणार हे तिनं धरूनच चाललेलं दिसत होतं.

"शेवटच्या वाक्याला लाल का?" मी विचारलं.

"सगळा अहवाल त्याच वाक्याबद्दल आहे ना, बाई. बाकीची वाक्यं आपली अशीच आलीयत."

मी तिथून निघाले ती थेट कारकुनाकडे गेले. दुसरा फॉर्म मागितला, तर त्यानं चष्म्यावरून बघितलं. "एका माणसाला दोन?"

"पहिल्यात माझा रकाना चुकला," मी म्हणाले.

फळ्याचं तेवढं ठेवलं, कारण ते खरं आहे, फळा ती फार कमी वापरते. बाजार काढला. मार्गदर्शन काढलं. 'विद्यार्थी तास संपल्यावरही उठत नाहीत' हे वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवलं, एक अक्षर न बदलता, फक्त जमेच्या बाजूला लिहिलं. हेवा गेला म्हणून लिहिलं असं कुणी समजू नये. लिहिताना पोटात दुखतच होतं. पुढच्या वर्षी गोष्ट ती शिकवणार आणि मी भिंतीच्या अलीकडे व्याकरण, हे त्या एका ओळीनं ठरत होतं आणि ते मला कळत होतं.

सहीसाठी फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि पिशवीतून प्रत काढून त्यावर ठेवली.

"बाइंडरकडून आली एकदाची," मी म्हणाले.

पुट्ठा दोऱ्यावर लोंबत होता तसाच होता. तिनं तो हातानं सरळ केला आणि फॉर्म वाचला. सही करताना तिचं पेन दोनदा थांबलं.

"छान केलंय काम," ती म्हणाली, प्रतीकडे बघत. मग शेजारची खुर्ची ओढून तिनं माझ्यासमोर केली. "बाई, ह्या पहिल्याच पानावर एवढी निळी का? मला कधी कळलंच नाही. सांगाल?"

मी बसले आणि सांगू लागले. तिसऱ्या पानावर होतो तेव्हा घंटा झाली. अकरा वाजले होते आणि दोघींनाही तास होता. मी उठले नाही.