कीपॅडची नवी जागा

अलार्मच्या कीपॅडचं झाकण काढलं तेव्हा आत होतं ते असं. वायरी चार: लाल, काळी, हिरवी, पिवळी. त्यांतल्या तीन घट्ट, पिवळी किंचित सैल. भिंतीत स्क्रू दोन, पण भोकं तीन. एक भोक चुकलेलं आणि तसंच सोडून दिलेलं. मेलेल्या मुंग्या सात. आणि कीपॅडच्याच आकाराचा भिंतीचा एक फिकट निळा तुकडा. कीपॅड बसवल्यानंतर घर दोनदा रंगवलं होतं, पण रंगाऱ्याने दोन्ही वेळा कीपॅडच्या कडेकडेनेच ब्रश फिरवला होता.

"मुंग्या पण मोजल्यास?" आई म्हणाली.

"समोर आल्या म्हणून मोजल्या."

"मोजू दे गं," बाबा खुर्चीतून म्हणाले. "आपण फी भरली ती कशाला? सायंटिस्ट बाई, मुंग्यांचं तिकीट फाडलंस का?"

बाबांनी तेहेतीस वर्षं बस चालवली. घरातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या तोंडी बसचीच होते. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कंपवात आहे असं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे इंजिन ठीक आहे, गिअरबॉक्स गेलाय." त्यांचे हात फारसे थरथरत नाहीत. त्यांचे पाय थांबतात. चालता चालता मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि वरचं शरीर मात्र पुढे निघालेलं असतं. मग ते जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत राहतात आणि म्हणतात, "धक्का स्टार्ट आहे. जरा थांबा."

कीपॅड पुढच्या दाराशी होतं. पुढच्या दाराला पायऱ्या आहेत आणि कठडा नाही, म्हणून बाबा बाजूच्या दाराने ये-जा करतात. तिथे आम्ही उतार करून घेतलाय. बाजूचं दार उघडलं की अलार्म बीप-बीप करायला लागतो आणि पंचेचाळीस सेकंद वाट बघतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आणि पुढच्या खोलीतून सरळ चालत जाऊन चार आकडे दाबायचे. नाही दाबले तर छपराखालचा भोंगा वाजतो आणि सगळी गल्ली गॅलरीत येते. ते अंतर मी टेपने मोजलं होतं: सात मीटर चाळीस सेंटिमीटर. बाबांना लागणारा वेळही मोजला होता: एरवी चाळीस सेकंद, पाय थांबले तर बावन्न.

ही पंचेचाळीसची मर्यादा वाढवता येते, पण त्यासाठी अलार्म बसवणाऱ्याचा वेगळा कोड लागतो. त्याचं दुकान बंद होऊन तिथे आता चपला विकतात. रिमोट या जुन्या मशीनला चालत नाही. नवीन मशीनचा विषय मी काढला होता, बाबा म्हणाले, "चालती गाडी भंगारात काढायची नाही."

आणि अलार्म न लावता घर रिकामं सोडायचं नाही, ही आईची अट. चार वर्षांपूर्वी एकदा अलार्म लावायचा राहिला आणि नेमका चोर आला होता. नेलं म्हणावं असं काही नाही, पण आईच्या कपाटातला प्रत्येक कपडा त्याने जमिनीवर टाकला होता. आईने ते सगळे कपडे पुन्हा पुन्हा धुतले. त्यातले काही तिने त्यानंतर अंगाला लावले नाहीत. या गोष्टीवर आमच्या घरात कोणी वाद घालत नाही.

आई एका दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर बसते. मी दिवसभर प्रयोगशाळेत असते. बाबा रोज सकाळी एकटे डेपोच्या फाटकापर्यंत जातात. तिथे निवृत्त झालेले त्यांचे दोन-तीन सोबती बाकावर बसून, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बसच्या ड्रायव्हरला नावं ठेवतात. तासाभराने बाबा परत येतात. दिवसभरात ते स्वतःच्या मनाने करतात अशी ती एकच गोष्ट.

गेल्या महिन्यात भोंगा दोनदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या, तर बाबा पुढच्या खोलीत मधोमध भिंतीला धरून उभे होते. पडले नव्हते, पण घाईत पडता पडता वाचले होते. त्या संध्याकाळी आई म्हणाली, "आता अजून एकदा वाजला तर घराची किल्ली माझ्याकडे. एकट्याने बाहेर जाणं बंद. मी तिकडे गोळ्या मोजत बसायचं आणि जीव इकडे टांगलेला, हे माझ्याच्याने होत नाही."

"मान्य," बाबा म्हणाले. पुढे काहीच विनोद केला नाही.

म्हणून मी कीपॅड हलवायला घेतलं. मला ते गणित सोपं वाटलं होतं. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. वेग माझ्या हातात नाही, अंतर आहे.

आधी जिन्याखालच्या मुख्य पेटीची वीज बंद केली आणि आतली बॅटरी सोडवली. तसं केलं नाही तर कीपॅडला हात लावताच अलार्मला वाटतं की चोरच आलाय. चारही वायरींचे फोटो काढले, प्रत्येकीला चिकटपट्टीचा झेंडा लावला. नवीन जागा बाजूच्या दाराच्या आत, डावीकडच्या बोळात, चपलांच्या कपाटावर. जोडवायर पुरेशी आणली होती. ती प्लास्टिकच्या पट्टीतून छताच्या कडेने नेली, कारण बाबा म्हणाले, "लोंबती वायर आणि लोंबता प्रवासी, दोन्ही मला चालत नाहीत." भिंतीला ड्रिलने भोकं पाडली, त्यांत स्क्रू पकडायला प्लास्टिकचे गट्टू ठोकले, पाणसळ धरून कीपॅड सरळ रेषेत बसवलं. उंची बाबांच्या छातीएवढी, म्हणजे हात वर करावा लागू नये.

बाबांनी खुर्ची जवळ ओढून सगळं पाहिलं. "वळण जरा अवघड आहे गं," ते म्हणाले. "दारातून आत आलं की लगेच डावीकडे. बस असती तर मागे कंडक्टर उतरवून शिट्टी मारायला लावली असती."

"बाबा, एक मीटर दहा सेंटिमीटर आहे. हात लांब केला की आलंच."

"बरं, बाई. तू म्हणशील ते."

बॅटरी जोडली, वीज चालू केली. कीपॅडवर हिरवा दिवा लागला. अलार्म न लावताच बाबांना तीन वेळा दारातून आत आणलं आणि फोनवर वेळ लावली. पहिल्यांदा एकोणीस सेकंद. दुसऱ्यांदा चौतीस, पण नेमकी तेव्हा आईने आतून "चहा टाकू का?" म्हणून हाक मारली होती आणि बाबा वळताना थबकले. ती वेळ मी धरली नाही. तिसऱ्यांदा सतरा.

"सरासरी अठरा," मी म्हणाले.

"एक्सप्रेस गाडी झाली की!" बाबा म्हणाले. ते खरोखर खूश झाले होते. आईने पदराने कीपॅडवरची सिमेंटची धूळ पुसली आणि म्हणाली, "चांगलं काम केलंस. उद्या मला सुट्टी आहे, खरं खरं करून बघू. नाही वाजला तर किल्ली ह्यांच्याकडेच. मी पुन्हा बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. घर रिकामं हवं म्हणून आई आणि मी त्यांच्याआधीच बाहेर पडून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिथून आमचं बाजूचं दार समोरच दिसतं. बाबांनी अलार्म लावला, दार ओढून घेतलं, किल्ली खिशात टाकली आणि फाटकातून आमच्याकडे बघून हॉर्न दाबल्यासारखा हात केला.

"बघा तर, नवरदेव निघाले," काकू म्हणाल्या. आई हसली. बऱ्याच दिवसांनी.

तासाभराने ते परत आले. चाल चांगली होती. उतार चढले, किल्ली लावली, एका फटक्यात दार उघडलं. मी फोनवरचं बटण दाबलं. बीप-बीप सुरू झालं. त्यांनी उंबरठा ओलांडला आणि डावीकडे वळायला गेले.

पाय थांबले.

आम्हाला त्यांची पाठ दिसत होती, आणि शर्टाची कॉलर. टाचा उचलल्या जात होत्या, तिथेच पडत होत्या. उजवा हात कीपॅडच्या दिशेने लांब केलेला, आणि बोटं बटणांपासून टीचभर अलीकडे.

"बाबा, डावा पाय!" मी ओरडले. "मोजा! एक, दोन…"

आई उठली होती. तिने एक पाय ओट्यावरून खाली टाकला होता. बाबांनी मागे न बघता डावा हात वर केला, जसा ते मागून येणाऱ्या गाडीला थोपवायला खिडकीतून उजवा काढत असत. "कोणी येऊ नका!"

आई तशीच उभी राहिली.

शेवटचे दहा सेकंद राहिले की हा अलार्म बीप भराभर देतो, म्हणजे माणसाने घाई करावी. ते भराभर बीप सुरू झाले तशा बाबांच्या टाचाही भराभर उठायला लागल्या, आणि जागच्या जागी. मग भोंगा वाजला. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. कोणीतरी म्हणालं, "पुन्हा त्यांच्याचकडे." भोंग्याच्या आवाजात बाबा कपाटाला धरून उभे होते. आई त्यांनी सांगितलं होतं म्हणून जात नव्हती, आणि मी आई जात नव्हती म्हणून.

शेवटी त्यांचा उजवा पाय सुटला. मग डावा. त्यांनी चार आकडे दाबले, सावकाश, एकही न चुकता. भोंगा बंद झाला.

आम्ही आत गेलो तेव्हा ते बोळात भिंतीला टेकून उभे होते. शर्ट पाठीला चिकटला होता.

"रस्ता मोकळा असला की पाय चालतात," ते मला म्हणाले. "मागून कोणी हॉर्न मारायला लागलं की संपलं. तुझी काही चूक नाही. काम अगदी सरळ रेषेत केलंयस."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि आईसमोर धरली.

"राहू द्या हो," आई म्हणाली. "राहू द्या तुमच्याकडेच. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले होते."

"ठरलं होतं ना."

"मी म्हणते ना, राहू द्या."

"अगं, घे. नाहीतर उद्यापासून मला रोज सकाळी हेच ठरवत बसावं लागेल."

आईने किल्ली घेतली. कुठे ठेवावी ते तिला सुचेना. किल्ली तशीच मुठीत धरून ती स्वयंपाकघरात गेली, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. बाबांनी चपला काढायला माझ्या खांद्याचा आधार घेतला. डेपोवर आज कोण कोण भेटलं ते मी विचारलं. "सगळे होते," ते म्हणाले. "उद्या मी का आलो नाही म्हणून विचारतील. फोन करून सांग त्यांना. सांग, रूट बंद झाला."

ते खुर्चीत बसल्यावर मी फोन बघितला. त्यांनी शेवटचा आकडा दाबला तेव्हा माझ्या बोटाने आपसूकच बटण दाबलं होतं.

जुन्या जागेपर्यंत अंतर सात मीटर चाळीस सेंटिमीटर, वेळ बावन्न सेकंद. नव्या जागेपर्यंत अंतर एक मीटर दहा सेंटिमीटर, वेळ एक मिनिट अठरा सेकंद.