कडीवरचा हात

दादाच्या दवाखान्यात लोक खुर्चीत बसून थापा मारायचे आणि खरं दारात सांगायचे. मी त्याची धाकटी बहीण, पलीकडे औषधं द्यायला बसायचे, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. कोपऱ्यावरची शिंपीण खोकल्याचं औषध घेऊन निघाली आणि कडीला हात लावल्यावर म्हणाली, "आणि डॉक्टर, छातीत गाठ लागते हो हाताला." ती गाठ वेळेत निघाली. म्हणून दादा प्रत्येकाला उठू द्यायचा, पेन खाली ठेवायचा आणि वाट बघायचा. बाहेरची रांग हलायची नाही, घरी जेवण गारढोण व्हायचं, मी करवादायचे. त्याला ढिम्म फरक पडत नसे.

एका दुपारी दवाखाना बंद करताना कडीवर हात ठेवून तोच म्हणाला, "आणि ऐक, हल्ली जिना चढताना दम लागतो. डावा हात जड होतो."

दादा दारात बोलत होता.

"उद्या दवाखाना बंद. मोठ्या हॉस्पिटलात जायचं."

"मग हे लोक कुठे जातील?"

"तू मेल्यावर जातील तिथे!"

हॉस्पिटलात डॉक्टरकडे आत एकालाच सोडत. मी अर्धवट उघड्या दाराबाहेर बसले. कॉम्प्युटरवरून नजर न काढता डॉक्टरने विचारलं, "काय होतंय?"

"विशेष काही नाही. जरा पित्त."

जन्मभर ज्यांच्या थापा पकडल्या, त्यांच्याच पंगतीला जाऊन बसला, गाढव! आपणही डॉक्टर आहोत हे सांगायलाही लाजला. कागद छापून निघाला. दादा उठला, दारापाशी आला, कडीवर हात ठेवून वळला. "आणि डॉक्टर..."

"पुढचा!"

मी आत घुसले, दम लागण्याचं, हाताचं, सगळं ओरडून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्यासाठी विभाग वेगळा, सोमवारची वेळ घ्या. मी भांडणार होते, पण दादाने माझा हात धरला. "चल गं. त्यांच्याही बाहेर रांग आहे."

सोमवार त्याने पाहिला नाही.

काल कपाटं रिकामी करायला दवाखाना उघडला. शिंपीण भेटायला आली, रडली, मला जेवत जा म्हणाली आणि निघाली. कडीला हात लावून थबकली. मी हातातली बाटली खाली ठेवली.

"आणि ताई," ती म्हणाली, "आता दुसऱ्या बाजूलाही लागते."

मी तिला काय सांगू?