टाकी गेल्यावरचं कपाट

गरम पाण्याची तांब्याची टाकी जिन्याशेजारच्या कपाटात होती, आणि आमचे सगळे कपडे तिच्या उबेत वाढले. धुतलेलं, वाळलेलं, इस्त्री केलेलं कापडसुद्धा टाकीवरच्या फळीवर एक रात्र काढल्याशिवाय आई कुणाच्या अंगाला लागू देत नसे. तिची धाकटी बहीण एथ्ना ओलसर झग्यापायी न्यूमोनियाने गेली, असं ती सांगते. डॉक्टर वेगळं कारण सांगत होते. पण डॉक्टरांनी झगा कुठे चाचपला होता.

टाकी गळायला लागली. नवा बॉयलर लागेल तेवढंच पाणी तापवतो, त्याला टाकी लागत नाही, आणि खोल्या गरम ठेवणारे रेडिएटरही त्याच्यावरच चालतात. बाबा अंथरुणाला खिळलेले, छाती नाजूक. म्हटलं, घर तरी नीट गरम राहील. मीच ठरवलं, सहीही मीच केली.

फिनबार प्लंबर आला. टाकी दारातून निघेना.

"आधी टाकी बसवतात, मग तिच्याभोवती कपाट," तो म्हणाला. "आख्ख्या आयर्लंडात हाच शहाणपणा. चौकट कापावी लागेल."

"मग राहू दे की तिथेच," आई म्हणाली.

"रिकामी टाकी ठेवून काय करणार, मिसेस टिअर्नी?"

"तुझ्या घरचं खाते का ती?"

तिने त्याला चहा दिला, पण बिस्किटं दिली नाहीत. तो काय ते समजला. चौकट कापून टाकी घेऊन गेला.

दुपारी आईने कपाटातून बाबांचं बनियन काढून गालाला लावलं. "ओलं आहे."

"थंड आहे, आई. परवाच वाळलंय."

"थंड म्हणजेच ओलं."

मी ते रेडिएटरवर तापवून दिलं. "वरून भाजलं, आतून तसंच," ती म्हणाली.

"ब्रीजी, दे गं इकडे," बाबा खाटेवरून म्हणाले. "मी काय साखरेचा आहे विरघळायला?"

"तू गप्प बस, कॉन. एथ्नाही असंच हसत होती."

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "डेर्व्हला, त्या फिनबारला फोन लाव. आणून दे म्हणावं."

मी लावला. टाकी भंगारवाल्याकडे गेली होती आणि तिथे तिचे तुकडेही झाले होते. मी हे सांगितलं तेव्हा आई बनियन तसंच हातात घेऊन आत निघून गेली.

संध्याकाळी ती मला जरा जाड दिसली. स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वरचं बटण काढून बघितलं तर आत, उघड्या छातीला लावून, बाबांचं बनियन. तिची स्वतःची छाती घरघरत होती.

"अगं, तूच आजारी पडशील. किती वेळ ठेवणार आहेस?"

"ऊब धरेपर्यंत."

काढून घ्यायला गेले तर तिने दोन्ही हातांनी छाती झाकून घेतली, लहान मुलीसारखी. खुर्चीवर बाबांचा पायजमा अजून पडलेला होता. ती त्याच्याकडेही बघत होती. तिने हात लांबवायच्या आत मी तो उचलला आणि माझ्या स्वेटरखाली पोटाशी धरला. गारठाच होता नुसता.

"ओलसर आहे ना?" आईने विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "थोडा."